पदवीला बावन्न टक्के आणि मोठ्या संस्थेचे दार

सदर : शिक्षणाची वाट



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वरचेवर येतो. हस्ताक्षर वेगळे, गाव वेगळे, पण मजकूर तोच. ‘सर, बी.कॉम.ला ५२ टक्के आहेत. दोन वर्षे नोकरी करतो आहे. एम.बी.ए. करायचे आहे, पण नावाजलेल्या संस्थेत करायचे आहे. मला कोण घेणार?’ एका भगिनीने लिहिले आहे की, मी माझी गुणपत्रिका ऑफिसात कोणालाच दाखवत नाही. पत्र लिहिणारी ही बहुतेक मुले घरात पदवी घेणारी पहिलीच आहेत. वडील सफाई खात्यात नाहीतर रिक्षावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. कॉलेजच्या तीन वर्षांत यांनी पेपर टाकले, मेडिकल स्टोअरवर उभे राहिले, धाकट्यांना शिकवले. त्यात एखाद्या विषयात ए.टी.के.टी. लागली आणि टक्केवारी बावन्नवर येऊन थांबली.

उत्तर आधी सांगतो, फोड मागाहून करतो. पदवीच्या कमी गुणांनी जी दारे खरोखर बंद होतात ती थोडी आहेत. ती नेमकी कोणती, हे माहीत नसल्यामुळे आपली मुले सगळीच दारे बंद समजून अर्जच करीत नाहीत. त्यांना नकार कोणी दिलेलाच नसतो. तो त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकलेला असतो.

परमपूज्य बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हिशेब करा, अडतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. हा आकडा आपण लपवून ठेवत नाही, जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. कारण परळच्या चाळीतली ती एक खोली आपल्याला ठाऊक आहे आणि अभ्यासासाठी मुलाला रात्री दोनला उठवणारे सुभेदार रामजीबाबाही ठाऊक आहेत. मग आपल्याच मुलाची गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी का? मात्र यावरून गुणांना काही किंमतच नसते असा अर्थ कोणी काढू नये. बाबासाहेब २८२ वर थांबले नाहीत. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले आणि १९१५ साली एम.ए. झाले. पहिल्या गुणपत्रिकेवर त्यांनी दुसरी गुणपत्रिका आणून ठेवली. आजच्या लेखात हा ‘दुसऱ्या गुणपत्रिके’चा विषय पुन्हा येणार आहे, म्हणून तो शब्द ध्यानात ठेवा.

आता आय.आय.एम.कडे वळू. देशातील सर्व आय.आय.एम. संस्थांच्या प्रवेशासाठी कॅट ही एकच सामाईक परीक्षा असते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी, हा क्रम बरीच वर्षे चालत आला आहे. आपल्या राज्यात दोन आय.आय.एम. आहेत. नागपूरची २०१५ साली सुरू झाली. मुंबईत पवईला जी ‘निटी’ होती, ती २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली. कॅटला बसण्यासाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि अपंग उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. म्हणजे ५२ टक्केवाला भाऊ तर पात्र आहेच, पण ४६ टक्के मिळवलेली आणि गुणपत्रिका लपवणारी आपली भगिनीही पात्र आहे. टक्केवारी कशी काढायची यावरून पुष्कळ गोंधळ होतो. तुमचे विद्यापीठ ज्या पद्धतीने काढते तीच धरली जाते. श्रेयांक पद्धतीत तुम्हाला सी.जी.पी.ए. मिळाला असेल, तर विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र काय आहे ते छापील स्वरूपात जवळ ठेवा. शेजारच्या पोराने मोबाईलवर काढून दिलेला आकडा अर्जात भरू नका.

४५ च्याही खाली असाल, तर कॅटचे दार त्या पदवीवर उघडणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अशांसाठी मार्ग लांबचा आहे. दुसरी पदवी, किंवा सी.ए., सी.एस., सी.एम.ए. यांसारखी व्यावसायिक परीक्षा. त्या परीक्षाही तितक्याच टक्क्यांनी उत्तीर्ण झाल्यास कॅटला चालतात. पण चार वर्षे त्यात घालण्याआधी खाली हैदराबादच्या संस्थेविषयी लिहिले आहे, तेही वाचा.

ही ४५ टक्क्यांची सवलत ज्या कागदावर उभी आहे, त्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलांची खरी अडचण पुष्कळदा इथेच होते. १९५६ साली धम्मदीक्षा घेतल्यावर केंद्र सरकारच्या लेखी आपण अनुसूचित जातीचे राहिलो नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. राज्याने नवबौद्धांना सवलती आधी दिल्या. केंद्राने मात्र त्या आदेशात दुरुस्ती केली ती १९९० साली. तेव्हापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रीय संस्थांतही राखीव जागा मिळतात. आय.आय.एम. ही केंद्रीय संस्था. तिथे दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि त्यात केंद्राच्या यादीतील जातीचे नाव असावे लागते. नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेला कागद राज्यात चालून जातो आणि दिल्लीच्या नियमाने चालणाऱ्या टेबलावर अडकतो.

यावर काही तरुण रागावून लिहितात की, आम्ही ती जात सोडली, मग ते नाव कागदावर पुन्हा का लिहायचे? राग समजण्यासारखा आहे. दीक्षाभूमीवर जे टाकून दिले, ते तहसील कचेरीत परत उचलायला लावतात असे वाटते. माझे मत असे की, दाखल्यावरचे नाव ही आपली ओळख नाही. आपल्या पूर्वजांवर काय लादले गेले याची ती सरकारी नोंद आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, जातीच्या रकान्यात यादीतले नाव येऊ द्या. कॅटचा अर्ज भरतानाच हा दाखला जोडावा लागतो आणि एकदा भरलेला प्रवर्ग नंतर बदलून मिळत नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना परीक्षा फीदेखील निम्मीच आहे. काही मुले राखीव प्रवर्ग लिहायला लाजतात आणि खुल्या गटातून अर्ज करतात. ५२ टक्क्यांवर खुल्या गटातून पूर्ण फी भरून कोणाला काय सिद्ध करून दाखवायचे आहे?

पात्रता आणि निवड यांत मात्र गल्लत करू नका. ४५ टक्के म्हणजे परीक्षेला बसण्याची परवानगी. पुढे प्रत्येक आय.आय.एम. आपापल्या पद्धतीने उमेदवार निवडते. अहमदाबाद आणि बंगलोर या संस्था कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींचे गुण मोजतात. अहमदाबादची पट्टी तर शाखेनुसार वेगळी असते. वाणिज्यवाल्याला एका मापाने आणि अभियंत्याला दुसऱ्या मापाने मोजतात. तिथे पदवीचे कमी गुण तुमच्याविरुद्ध जातील, हे धरून चाला. दहावी-बारावीचे गुण चांगले असतील, तर थोडी भरपाई होते. इतर काही संस्था पदवीला इतके वजन देत नाहीत आणि नोकरीच्या अनुभवाला गुण देतात. प्रत्येक संस्था आपले निवड धोरण दरवर्षी जाहीर करते. ते चार-सहा पानांचे इंग्रजी कागद कंटाळवाणे असतात, तरी वाचा. कॅटचा एकच अर्ज आणि एकच फी सगळ्या आय.आय.एम.साठी चालते. केवळ अहमदाबादवर खूण करून बाकीच्या सोडणे हा निव्वळ हट्ट झाला. धोरणात जो किमान पर्सेंटाइल दिलेला असतो, तो केवळ उंबरठा समजा. मुलाखतीचे बोलावणे ज्यांना येते, त्यांचे गुण त्याहून बरेच वर असतात. आरक्षण आहे म्हणून अभ्यास कमी चालेल, असे सांगणाऱ्या मित्राचे ऐकू नका.

कॅटमध्ये तीन विभाग असतात. इंग्रजी उताऱ्यांचा, माहितीवरून तर्क काढण्याचा आणि गणिताचा. प्रत्येकाला ४० मिनिटे. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांची दमछाक पहिल्या विभागात होते. गणित आठवी ते दहावीच्या पायावरचे असते. सराव केला तर सहा महिन्यांत हाताशी येते. इंग्रजी वाचनाला मात्र वर्ष द्यावे लागते. त्यावर शिकवणीच्या जाहिरातीतील कोणतीही युक्ती चालत नाही. रोज एक तास इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय पान वाचायचे आणि वाचलेले मराठीत कोणाला तरी समजावून सांगायचे. ऐकणारी आई असली तरी चालेल, किंबहुना आईच बरी. तिला समजले, म्हणजे तुम्हाला समजले.

आता राज्याच्या संस्था. मुंबईची जमनालाल बजाज, चर्चगेटची सिडनहॅम, पुणे विद्यापीठाची पुम्बा ही नावे उद्योगजगतात मानाने घेतली जातात. सिडनहॅम म्हटले की आपल्याला १९१८ साल आठवते. त्या कॉलेजात बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच नावाने आता एम.बी.ए.ची संस्था चालते. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, गुणवत्ता यादी सी.ई.टी.च्या गुणांवर लागते. पदवीला मागासवर्गीयांसाठी ४५ टक्क्यांची अट आहे. ती ओलांडली की तुमचे ४६ आणि दुसऱ्याचे ८६ एकाच ओळीत उभे राहतात. ज्याला पदवीला कमी गुण आहेत, त्याच्यासाठी याहून सरळ वाट नाही, आणि नेमकी हीच वाट पत्रलेखकांपैकी फारच थोड्यांना माहीत होती. सी.ई.टी.मध्ये २०० प्रश्न आणि १५० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅटमध्ये मात्र पर्याय चुकला की गुण कापला जातो, तिथे हा मंत्र चालवू नका. राज्याच्या प्रवेशाला जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे वाचकांना सांगायला नको. वैधता बारावीनंतरच काढून ठेवलेली असेल, तर तुम्ही भाग्यवान.

पैशांचे काय? कॅपमधून प्रवेश घेतला तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिला अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. त्याहून उत्पन्न जास्त असेल तर अनुसूचित जातीसाठी राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात, तर हा लाभ मिळत नाही. ‘डोनेशन भरा, सीट पक्की’ म्हणणारा दलाल ही गोष्ट कधीच सांगत नाही. आय.आय.एम.चे गणित वेगळे. जुन्या संस्थांची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर गेली आहे. आय.आय.टी.त अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिक्षण फी माफ असते, तशी इथे आपोआप माफ होत नाही. पण केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आय.आय.एम.ना लागू आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर तिच्यातून शिक्षण फी मिळू शकते. प्रत्येक संस्थेला तिच्या जागा ठरवून दिलेल्या असतात, म्हणून प्रवेश मिळाल्याच्या पहिल्या दिवशी संस्थेच्या कचेरीत चौकशी करा. कर्जाला घाबरणारे आईवडील पुष्कळ आहेत आणि सावकाराचा अनुभव असलेल्यांनी घाबरावे हे स्वाभाविक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज देण्याची तरतूद आहे. गावाकडचे घर किंवा आईचे मंगळसूत्र गहाण ठेवण्याआधी बँकेत या योजनेचे नाव घेऊन विचारा. दिल्ली विद्यापीठाची एफ.एम.एस. ही संस्था नावाने मोठी आणि फीने आय.आय.एम.च्या मानाने अगदी हलकी आहे. तीदेखील कॅटचेच गुण घेते, पण अर्ज वेगळा भरावा लागतो.

मुलाखतीला बोलावणे आले की, तुमचे गुण इतके कमी का, हा प्रश्न येणारच. पदवीला कमी गुण असणाऱ्याने सगळ्यात जास्त तयारी याच प्रश्नाची करावी. उमेदवारांनी लिहिलेले काही अर्ज माझ्या वाचनात आले. बऱ्याच जणांची सुरुवात अशी असते : ‘मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून परिस्थिती अतिशय हलाखीची असल्यामुळे…’ पुढे पानभर हलाखीच चालते. समोर बसलेल्या प्राध्यापकाला यातून काहीच कळत नाही. गरिबी ही काही पात्रता होत नाही. गरिबीत तुम्ही काय केले, हे त्यांना ऐकायचे असते. दुसरी तऱ्हा म्हणजे दोष दुसऱ्यावर टाकण्याची. पेपर तपासणारे पक्षपाती होते, कॉलेजात शिकवतच नव्हते. हे खरे असले, तरी मुलाखतीत त्याचा उपयोग होत नाही.

मग कसे सांगावे? समजा, एखाद्याची परिस्थिती अशी आहे. त्याने तीन-चार वाक्यांत एवढेच सांगावे : ‘पहिल्या वर्षी मला ४४ टक्के होते. त्या वर्षी वडिलांचे काम सुटले आणि मी दुपारी दोन ते रात्री दहा मेडिकल स्टोअरवर काम करीत होतो. तिसऱ्या वर्षी भाऊ कमावता झाला, माझी पाळी चार तासांवर आली आणि मला ५९ टक्के मिळाले. हिशेबाच्या विषयात मी कच्चा राहिलो होतो, म्हणून गेल्या वर्षी तो विषय पुन्हा शिकून परीक्षा दिली.’ यात रडगाणे नाही. आकडे आहेत, तारखा आहेत, आणि गुण चढत गेले हे ऐकणाऱ्याला न सांगता दिसते. स्वतःच्या गुणपत्रिकेकडे एकदा याच नजरेने पाहा. सहाही सत्रांचे गुण एका कागदावर ओळीने लिहा. चढण दिसली तर तीच तुमची बाजू. आणि कारण काहीच नसेल, अभ्यास केला नाही एवढेच खरे असेल, तर तेही सरळ सांगून टाका आणि त्यानंतर काय केले ते सांगा. खोटा आजार आणि खोटा मृत्यू रचणारी मुले असतात. पंचशील घेणाऱ्याने असले काही करू नये. शिवाय मुलाखत घेणारे दुसऱ्या प्रश्नाला ते पकडतातच.

आता ती दुसरी गुणपत्रिका. जुने गुण बदलता येत नाहीत, पण ‘हा मुलगा आज काय करू शकतो’ याचा ताजा पुरावा तयार करता येतो. कॅटचे गुण हा पहिला पुरावा. केंद्र सरकारच्या स्वयम् आणि एन.पी.टी.ई.एल. या व्यवस्थेत आय.आय.टी.चे प्राध्यापक शिकवतात. संख्याशास्त्र, हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र यांचे वर्ग फुकट असतात. परीक्षा द्यायची तरच साधारण हजार रुपये फी पडते. ज्या विषयात पदवीला घसरलात त्याच विषयाची परीक्षा द्या. नोकरीतले काम हा तिसरा पुरावा, आणि इथे आपली मुले स्वतःला फार कमी लेखतात. ‘मी कुरिअरच्या गोदामात साधा क्लार्क आहे’ असे लिहितात. अरे, त्या गोदामात रोज किती पार्सले येतात, किती परत जातात, परत जाण्याची कारणे काय, कोणता रूट उशिरा सुटतो, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? तू रजिस्टर नीट लावल्यामुळे परतीचे पार्सल कमी झाले असेल, तर आधी किती होते आणि नंतर किती राहिले, ते आकड्यांत लिही. व्यवस्थापन व्यवस्थापन म्हणतात ते यापलीकडे फारसे वेगळे नसते. अस्थापनेचे रजिस्टर सांभाळणारी, बचत गटाचा हिशेब ठेवणारी आपली भगिनीही हेच काम करीत असते.

हैदराबाद आणि मोहालीची आय.एस.बी. ही संस्था पदवीची किमान टक्केवारी ठरवून देत नाही. तिथे दोन वर्षांचा अनुभव आणि जीमॅट किंवा जी.आर.ई.चे गुण लागतात. पण ती खासगी संस्था आहे. राखीव जागा नाहीत आणि फी पस्तीस लाखांच्या पुढे. कर्ज काढून जाण्याआधी दहादा विचार करावा.

परदेशाविषयी दोन-तीन पत्रे आहेत, म्हणून थोडे लिहितो. अमेरिकेत पदवीचे गुण चारच्या पट्टीवर मोजतात, त्याला जी.पी.ए. म्हणतात. हार्वर्डसारख्या संस्था आपल्या वर्गाची सरासरी जाहीर करतात. ती ३.७ च्या आसपास असते आणि ती वाचूनच मुले गर्भगळीत होतात. सरासरी म्हणजे किमान नव्हे, तिच्याखालीही माणसे असतात. हार्वर्ड किमान जी.पी.ए. अशी अट घालत नाही. आपले टक्के चारच्या पट्टीत स्वतः बसवण्याची खटपट करू नका, गुणपत्रिकेवर जे आहे तेच भरा. भारतातले अर्ज वाचणाऱ्यांना आपल्याकडे ६० ला प्रथम श्रेणी म्हणतात हे माहीत असते. बहुतेक अमेरिकन संस्थांच्या अर्जात ऐच्छिक निबंधाची जागा असते. वर जे चार वाक्यांचे उत्तर दिले ते तिथेच लिहायचे. तुमच्या वरिष्ठाचे शिफारसपत्रही लागते. ते साहेबाच्या मोठ्या हुद्द्यापेक्षा तुमचे काम रोज पाहणाऱ्याचे असावे. खर्च दोन वर्षांचा दोन कोटींच्या घरात जातो. हार्वर्डने २०२२ साली अत्यंत गरजू विद्यार्थ्यांची पूर्ण शिक्षण फी भरण्याची घोषणा केली. वर्गातील साधारण दहा टक्के विद्यार्थ्यांपुरती ती होती.

इथे एक विसंगती आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. अमेरिकेतील संस्था कमी गुणांच्या मुलाची संपूर्ण फाईल उघडून पाहायला तयार असते. पण अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशी पाठवण्यासाठीच असलेली आपली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदवीला ६० टक्के मागते. ५२ टक्केवाल्याला परदेशातून प्रवेशाचे पत्र आले, तरी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नाही. रात्रपाळी करून शिकलेल्या मुलाची अडचण ज्या योजनेने सर्वांत आधी ओळखावी, तीच योजना फक्त टक्केवारी पाहते. आपल्या संघटनांनी निवेदने द्यायची तर या अटीवर द्यावीत. तोपर्यंत कमी गुणांच्या मुलांनी परदेशाचे स्वप्न पाहिले तर संस्थेकडून मिळणाऱ्या आर्थिक मदतीची चौकशी आधी करावी, विमानाचे चित्र नंतर रंगवावे.

घरातल्या मोठ्यांशीही दोन शब्द. कमावता मुलगा दोन वर्षे घरी पगार आणणार नाही, ही गोष्ट साधी नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा त्याच्या पगारावर येतो, तिथे आईने गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. मुलांनी हे आधीच बसून बोलावे. दोन वर्षांत बहिणीचे लग्न आहे का, खोलीचे भाडे कोण भरणार, वडिलांची औषधे कशी चालणार. कॅटच्या तयारीसाठी नोकरी सोडू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. अनुभवाचे महिने वाढत जातात, घर चालते आणि निकाल मनासारखा लागला नाही, तर माणूस रस्त्यावर येत नाही. सकाळी दोन तास आणि रविवार एवढ्यावर परीक्षा दिली जाते. वस्तीत शांत जागा नसेल, तर विहाराची चावी कोणाकडे असते ते विचारा. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डी.जे.वर जेवढे उडते, त्यात वस्तीतील दहा मुलांची परीक्षा फी भरून वर सरावाची पुस्तके येतील. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना हे आवडणार नाही, पण लिहायचे थांबवता येत नाही.

आता हाताशी घ्यायचे काम. जातीच्या दाखल्यावरील नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि आधारवरील नाव अक्षर न् अक्षर जुळते का, ते आज रात्रीच पाहा. वडिलांच्या नावात एक वेलांटी कमी-जास्त असेल, तर दुरुस्तीला आठवडे लागतात. केंद्राच्या नमुन्यातील दाखला सेतू केंद्रातून काढून ठेवा. पदवीचे प्रमाणपत्र विद्यापीठात पडून असेल तर सोडवून आणा. कॅटची जाहिरात साधारण जुलैअखेर येते आणि अर्जाची खिडकी दीड महिना उघडी असते. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत रांग लावू नका.

गुणपत्रिका लपवणाऱ्या भगिनीने आपल्या सहा सत्रांचे गुण पत्राने कळवावेत. तिच्या उत्तराचा मसुदा आम्ही इथे बसून तपासून देऊ.